परक्या अंगणातील फुलपाखरे

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. मुलगा आणि सून दोघेही दक्षिण इंग्लंडात नोकरीस आहेत आणि यंदा जूनपासून तीन महिने त्यांच्याकडे राहण्याचा योग आला आहे. प्रेक्षणीय स्थळे पाहण्याचा उत्साह पंधरवड्यात ओसरतो, असे त्यांनी जाऊन आलेल्या मैत्रिणींकडून ऐकले आहे. दोघे कामावर गेली म्हणजे सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत घर आणि घरामागची चिमुकली बाग एवढीच काय ती सोबत. इंदूरला या बाई कढीलिंबावरच्या अळ्या काचेच्या बरणीत वाढवून त्यांची फुलपाखरे होताना शेजारच्या मुलांना दाखवीत असतात. तेव्हा तिकडे कोणती फुलपाखरे दिसतील, आणि पुस्तकातील चित्राशी ताडून पाहिले तरी नाव नक्की का ठरत नाही, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता असे दीर्घ मुक्काम घडू लागले आहेत. म्हणून उत्तर टपालाने न धाडता येथेच देत आहे.

प्रथम संख्येविषयी. भारतात फुलपाखरांच्या १३०० हून अधिक जाती आहेत. सबंध ब्रिटनमध्ये नेमाने दिसणाऱ्या जाती साठही भरत नाहीत. हे ऐकून हिरमुसण्याचे कारण नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हे भाग्यच समजावे. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीतील एखाद्या घाटात दिवसभर हिंडले तर डोळे दिपून जातात आणि संध्याकाळी वहीत पाच नावेही खात्रीने उतरत नाहीत. तिकडे तीन महिन्यांत वीस-पंचवीस जातींशी घरोबा जमू शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या पिढीला उजाडता फिरावयास जाण्याची सवय असते, आणि जूनमध्ये तिकडे पाचच्या आधीच लख्ख उजाडते. परंतु त्या वेळी बाहेर पडून फुलपाखरू भेटणार नाही. फुलपाखराचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करून टिकवू शकत नाही. उन्हात पंख पसरून अंग तापविल्याशिवाय त्याला उडता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची पद्धतशीर मोजदाद चालू आहे. तिचा नियम असा, की तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर मोजणी करावयाची नाही. १३ ते १७ अंशांच्या दरम्यान असेल तर बऱ्यापैकी ऊन हवे. आणि मोजणीची वेळ साधारणतः पावणेअकरा ते पावणेचार. म्हणजे मुले कामावर गेलेली, स्वयंपाक आटोपलेला, नेमकी तीच वेळ. पत्रलेखिका भगिनींच्या रिकाम्या दुपारचा प्रश्न यात बराचसा सुटावा.

आता ओळखण्याविषयी. पुस्तकाशी ताडूनही नाव जुळत नाही याचे कारण बहुधा हेच असते, की आपण रंगापासून आरंभ करतो. रंग हा फुलपाखराचा सर्वांत लबाड भाग आहे. याचे उदाहरण आपल्याच परसात सापडेल. रुईच्या झाडावर वाढणारे तांबूस-केशरी, काळ्या कडांचे ‘प्लेन टायगर’ सर्वांच्या परिचयाचे आहे. रुईचे विष त्याच्या अंगात भिनलेले असल्याने पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. याचा फायदा घेऊन ‘डॅनाइड एगफ्लाय’ या वेगळ्या उपकुळातील फुलपाखराच्या मादीने त्याचे हुबेहूब रूप घेतले आहे. नर मात्र काळा, त्यावर मोठे पांढरे ठिपके. नवराबायको म्हणून कोणी ओळखणार नाही. ती मादी उडत असताना भल्याभल्यांस चकविते. मागील पंखाच्या मध्यावर काळ्या ठिपक्यांचा पुंजका असेल तर खरे प्लेन टायगर, तो नसेल आणि पंखाच्या वरच्या कडेपाशी एकच ठिपका असेल तर बहुरूपी. हे ती बसल्यावरच दिसते. शिवाय ती अंडी घालावयास रुईकडे जात नाही, घोळेच्या भाजीकडे जाते. म्हणजे शंका फिटली ती रंगाने नव्हे. ठिपक्याने आणि झाडाने.

इंग्लंडातही हाच मार्ग धरावा. पुस्तक उघडण्यापूर्वी वहीत काही गोष्टी टिपाव्यात: जागा ऊन की सावली, गवत की झाड; फुलपाखरू कोणत्या फुलावर वा पानावर होते; बसताना त्याने पंख उघडे ठेवले की मिटले; आणि मिटलेल्या पंखांची खालची बाजू कशी होती. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि नवशिके नेमकी तीच गाळतात. वरची बाजू ही मिरवण्याची पैठणी. खालच्या बाजूवर सही असते.

‘कॉमा’चेच पाहा. वरून ते फाटक्या कडांचे नारिंगी फुलपाखरू दिसते आणि पंख मिटले की वाळके पान. पण त्या तपकिरी पानावर खडूने काढावा तसा बारीक पांढरा स्वल्पविराम उमटलेला असतो. तो दिसला की पुस्तकाची गरज संपली. निळ्या फुलपाखरांचेही तेच. बागेत आयव्हीच्या वेलीभोवती उंचावर भिरभिरणारे निळे फुलपाखरू आणि गवतावर खालून उडणारे निळे फुलपाखरू वरून सारखेच भासतात. पहिले ‘हॉली ब्लू’, त्याची खालची बाजू फिकट चंदेरी-निळी आणि तीवर शाईचे बारीक शिंतोडे. दुसरे ‘कॉमन ब्लू’, त्याची खालची बाजू राखी-तपकिरी आणि कडेला नारिंगी टिकल्यांची रांग. कॉमन ब्लूची मादी तर बहुधा निळी नसतेच, तपकिरी असते. नावावर जाऊन निळा रंग शोधीत बसणाऱ्यास ती कधीच सापडणार नाही.

नावांनी आणखीही घोटाळे होतात. आपल्याकडील फुलपाखरांची प्रचलित इंग्रजी नावे बव्हंशी ब्रिटिश अमलातील हौशी अधिकाऱ्यांनी दिली. त्यांत सार्जंट, कमांडर, कमोडोर आहेत, तसेच बॅरन, राजा आणि नवाबही आहेत. जणू दरबारच भरला आहे. त्यांनी घरची नावेही सढळपणे वाटली. आपल्याकडील ‘पीकॉक पॅन्झी’ आणि इंग्लंडातील ‘पीकॉक’ यांच्या पंखांवर मोराच्या डोळ्यांसारख्या खुणा आहेत खऱ्या, पण जाती निरनिराळ्या. इंग्लंडातील ‘रेड ॲडमिरल’ आणि आपल्या हिमालयात व नीलगिरीत दिसणारे ‘इंडियन रेड ॲडमिरल’ ही सख्खी नव्हेत, चुलत भावंडे. आणि काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे ‘मार्बल्ड व्हाइट’ नावाने पांढरे असले तरी कुळाने तपकिऱ्यांपैकी आहे. म्हणून वहीत लॅटिन नावही लिहून ठेवावे. ते जिभेला जड जाते, पण ते देश बदलला म्हणून बदलत नाही.

तपकिऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जुलैत कुंपणाच्या कडेला दिसणारी ‘मेडो ब्राउन’ आणि ‘गेटकीपर’ ही जोडी नवख्याला हटकून छळते. दोन्ही तपकिरी, दोघांच्याही पुढच्या पंखाच्या टोकाशी काळा डोळा. गेटकीपरच्या डोळ्यात बहुधा पांढरे बुबुळ दोन असतात, मेडो ब्राउनच्या डोळ्यात बहुधा एक. ‘बहुधा’ हा शब्द मी दोनदा लिहिला तो जाणूनबुजून. एका खुणेवर निकाल देऊ नये. गेटकीपर लहान, अधिक नारिंगी आणि पंख उघडून बसणारे. मेडो ब्राउन मोठे, मळकट आणि पुष्कळदा पंख मिटून बसणारे. दोन-तीन खुणा एकमेकींना दुजोरा देतील तेव्हाच नाव लिहावे, एरवी प्रश्नचिन्ह. ज्या वहीत प्रश्नचिन्हे नाहीत तिच्यातील नावांवर माझा विश्वास बसत नाही.

एक इशारा पतंगांविषयी. मिशीच्या टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू, एरवी पतंग, असा नियम आपण मुलांना सांगतो. इंग्लंडच्या गवताळ टेकड्यांवर ‘सिक्स-स्पॉट बर्नेट’ नावाचा एक पतंग भर दुपारी उडतो. काळ्याभोर पंखांवर सहा लालबुंद ठिपके, आणि मिशांची टोकेही जाडच. नियम पाळण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

आता बागेकडे येऊ. पुष्कळ घरांमागे, आणि रेल्वेच्या कडेला तर सर्रास, जांभळ्या तुऱ्यांचे ‘बडलिया’ नावाचे झुडूप असते. ते मूळचे चीनचे, पण तिकडे इतके रुजले आहे की आपल्या घाणेरीची आठवण व्हावी. जुलै-ऑगस्टच्या उन्हात त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसावे. रेड ॲडमिरल, पीकॉक, कॉमा आणि ‘स्मॉल टॉर्टॉइजशेल’ ही चौघे तेथे मधासाठी येतात. परंतु बडलिया हे केवळ उपाहारगृह आहे; या चौघांचा पाळणा हलतो तो ‘नेटल’वर. नेटल म्हणजे खाजकुइलीसारखी अंगाची आग करणारी वनस्पती, बागेच्या कोपऱ्यात माजलेली. घरधनी ती उपटून टाकण्याच्या बेतात असतो. जूनमध्ये तिच्या शेंड्यांवर रेशमी जाळ्यात काळ्याकुट्ट काटेरी अळ्यांचा गुंता दिसला तर त्या पीकॉकच्या अळ्या समजाव्यात. इंदूरला अळ्या वाढविणाऱ्या आमच्या भगिनींना हे दृश्य परके वाटणार नाही. फक्त हात लावण्यापूर्वी हातमोजे घालावेत आणि पदर आवरून घ्यावा. मुलाला तो कोपरा तसाच ठेवण्याविषयी आईच सांगू शकते.

बागेबाहेर एक तरी सहल खडूच्या टेकड्यांवर व्हावी. दक्षिण इंग्लंडात जमिनीखाली शुद्ध खडू आहे, आणि त्यावरच्या बुटक्या गवतात अशी रोपे वाढतात की जी अन्यत्र सहसा दिसत नाहीत. सरे परगण्यातील बॉक्स हिल ही त्यांपैकी एक प्रसिद्ध टेकडी. तेथे जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये ‘चॉकहिल ब्लू’ उडते. रंग दुधात नीळ कालवल्यासारखा. त्याची अळी ‘हॉर्सशू व्हेच’ या एकाच पिवळ्या फुलाच्या रोपावर जगते, ते रोप चुनखडीच्या जमिनीवाचून राहत नाही. तेव्हा टेकडी कशाची बनली आहे हे ठाऊक असणे म्हणजे अर्धी ओळख पटण्यासारखेच आहे.

जागा, झाड, गवत यांचा मी इतका हट्ट का धरतो, हे समजण्यासाठी ‘लार्ज ब्लू’ची हकीकत सांगितली पाहिजे.

लार्ज ब्लू हे ब्रिटनमधील निळ्या फुलपाखरांत सर्वांत मोठे. वरच्या बाजूला पुढील पंखावर काळे ठिपके. ते पूर्वीपासूनच दुर्मिळ, म्हणून संग्राहकांच्या डोळ्यांत भरणारे. विसाव्या शतकात ते एकेका टेकडीवरून नाहीसे होऊ लागले तेव्हा दोष संग्राहकांच्या जाळ्यांना देण्यात आला. काही ठिकाणी लोकांना मज्जाव करण्यासाठी कुंपणे घालण्यात आली. फुलपाखरू तरीही घटतच राहिले. त्याची मादी रानटी ‘थाइम’च्या कळ्यांवर अंडी घालते (थाइमचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा), तेव्हा थाइम राखले म्हणजे झाले असे वाटत होते. थाइम होते, फुलपाखरू नव्हते.

त्याची अळी मुंग्यांच्या वारुळात राहते हे शास्त्रज्ञांना आधीच समजले होते. अळी थाइमवर जेमतेम तीन आठवडे काढते आणि मग जमिनीवर पडते. तेथून जाणारी तांबडी मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून उचलून वारुळात नेते. अळीचा वास मुंगीच्या अळीसारखा, शिवाय ती गोड रसाचा थेंबही देते. वारुळात ती सुमारे दहा महिने पाहुणचार घेते आणि तो पाहुणचार म्हणजे यजमानांची पिल्ले मटकावणे. आपल्या वजनाचा बहुतेक सारा भाग ती तेथेच कमावते.

जेरेमी टॉमस या तरुण संशोधकाने १९७० नंतरच्या वर्षांत उरल्यासुरल्या टेकडीवर उन्हाळेच्या उन्हाळे बसून जे शोधले ते असे. तांबड्या मुंग्यांच्या अनेक जाती त्या अळीला घरी नेतात, पण ती चांगली जगते ती ‘मिर्मिका सॅबुलेटी’ या एकाच जातीच्या वारुळात. आणि या मुंगीला उबदार जमीन लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वाढले की त्याच्या सावलीने मातीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, आणि ती मुंगी जागा सोडते. तिच्याऐवजी दुसऱ्या जातीची मुंगी येते. गवत आखूड ठेवण्याचे काम पूर्वी गुरे, मेंढ्या आणि ससे करीत होते. १९५३ मध्ये ‘मिक्झोमॅटोसिस’ हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि ससे लक्षावधींनी मेले. डोंगरउतारावर जनावरे चारणे शेतकऱ्यांनाही परवडेनासे झाले होते. आणि संग्राहकांना अडविण्यासाठी घातलेल्या कुंपणांनी चरणाऱ्या जनावरांनाही बाहेर ठेवले. कोडे सुटले तोवर फार उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाले.

सुदैवाने गोष्ट तेथे थांबली नाही. टेकड्यांवर पुन्हा जनावरे सोडून गवत आखूड करण्यात आले, ती मुंगी परतली, आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेल्या लार्ज ब्लूंची वस्ती नव्याने करण्यात आली. २०२२ च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडात सुमारे २०,००० लार्ज ब्लू उडाली असा अंदाज आहे. सॉमरसेट परगण्यातील कॉलर्ड हिल या नॅशनल ट्रस्टच्या टेकडीवर सामान्य माणसालाही ते पाहता येते. उडण्याचा काळ जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे चार आठवडेच. तेव्हा आमच्या भगिनींनी जूनमधील एखादा कोरडा, उन्हाचा शनिवार मुलाकडून आताच मागून ठेवावा. टेकडी चढणीची आहे आणि वाटेवरूनच चालावयाचे आहे. पायांत चपला नकोत. हे फुलपाखरू कायद्याने संरक्षित आहे, पकडणे तर दूरच, त्याला त्रास होईल असे काहीही करू नये. दुकानांत काचेच्या चौकटीत टाचलेली फुलपाखरे मिळतात, तीही भेटवस्तू म्हणून घेऊन येऊ नयेत. कोणत्या जातीला कोणता कायदा लागू आहे हे विमानतळावर शिकण्याची वेळ येऊ नये.

जुलै-ऑगस्टमध्ये ‘बटरफ्लाय कन्झर्व्हेशन’ ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था सर्व देशभर ‘बिग बटरफ्लाय काउंट’ घेते. हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. ऊन असताना एका जागी १५ मिनिटे बसावयाचे आणि प्रत्येक जातीची एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसली तेवढा आकडा लिहावयाचा; तेच फुलपाखरू तीनदा मोजले जाऊ नये म्हणून ही युक्ती. यात कोणालाही भाग घेता येतो. चार महिन्यांच्या पाहुण्यालाही, नातवंडालाही. २०२४ मध्ये दर १५ मिनिटांना सरासरी अवघी सात फुलपाखरे दिसली. उपक्रम सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता, आणि संस्थेने त्या वर्षी फुलपाखरांवर आणीबाणीचा प्रसंग ओढवल्याचे जाहीर केले. तेव्हा दिसली नाहीत तर शून्य लिहून पाठवावे. शून्यालाही तेथे किंमत आहे.

शेवटी एका विशिष्ट फुलपाखराविषयी. बडलियावर टॉर्टॉइजशेलच्या शेजारी तसेच नारिंगी, पण किंचित मोठे आणि फिकट एखादे बसले असेल तर नीट पाहावे. पंखांच्या कडेला निळ्या चंद्रकोरींची किनार असेल तर टॉर्टॉइजशेल. किनार नसेल, पुढच्या पंखाचे टोक काळे आणि त्यावर पांढरे ठिपके असतील, आणि पंख मिटल्यावर मागील पंखाच्या खालच्या बाजूला लहान डोळ्यांची रांग दिसली, तर ते ‘पेंटेड लेडी’, लॅटिनमध्ये ‘व्हॅनेसा कार्डुई’. ब्रिटनचा हिवाळा त्याला सोसत नाही. ते दर वर्षी दक्षिणेकडून येते. २००९ मध्ये ती अपार संख्येने आली. त्या वर्षी हजारो स्वयंसेवकांच्या नोंदी आणि रडार यांच्या साह्याने असे दिसून आले, की उष्ण कटिबंधातील आफ्रिकेपासून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत जाऊन परतण्याचा सुमारे १५,००० किलोमीटरचा फेरा ते सहा पिढ्यांत पुरा करते. शरद ऋतूत ती कोणाला परतताना दिसत नव्हती, म्हणून ती तेथेच मरतात असा समज होता. वस्तुतः ती सरासरी ५०० मीटरहून अधिक उंचीवरून निघून जात होती.

हेच व्हॅनेसा कार्डुई आपल्याकडेही आहे. भारतातील पेंटेड लेडी इंग्लंडहून आलेली नसतात, पण जात तीच, आणि पंखाच्या खालचे डोळेही तेच. आमच्या भगिनी सप्टेंबरात इंदूरला परततील. हिवाळ्यात घरच्या झेंडूवर किंवा शेवंतीवर ते कधी बसलेले दिसले, तर दोन्ही ठिकाणच्या नोंदी वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहाव्यात, आणि त्या दोन पानांची नक्कल या सदराकडे अवश्य पाठवावी.